शहाणी पेटी

अंडी दोनच ट्रे होती, आणि ती शेवटची होती.

भटक्या कुत्र्यांनी जाळीखालची माती उकरून खुराड्यात शिरकाव केला, तेव्हा बाबांच्या ठिपक्यांच्या कोंबड्यांपैकी एकही वाचली नाही. ही जात बाजारात मिळत नव्हती. राखाडी अंग, त्यावर पांढरे ठिपके, उन्हापावसाला न कुरकुरणारी. बाबांनी ती निवडून निवडून, जोड्या जुळवून, उभ्या आयुष्यात घडवली होती. खुराडं धुऊन झाल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "गार खोलीत काही आहे का?"

"या आठवड्यात गोळा केलेली आहेत," थोरली सून म्हणाली. "दोन ट्रे."

"मग लाव," असं म्हणून बाबा चपला सरकवून बाहेर गेले.

लाव म्हणणं सोपं होतं. कोणत्या पेटीत लावायची, हा खरा प्रश्न होता.

घरामागच्या लांबट खोलीत दोन उबवणी पेट्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही कपाटाएवढ्या, जुळ्या बहिणींसारख्या, एकाच कंपनीच्या आणि एकाच ट्रकमधून आलेल्या. फरक होता तो डोक्यात. पहिलीचं डोकं कंपनीचंच होतं: सीलबंद डबा, वर छोटा पडदा, आत काय चालतं ते कंपनीलाच ठाऊक. दुसरीचा डबा मागे कधीतरी जळाला. कंपनीने कळवलं की ते मॉडेल आता बंद झालं आहे, तेव्हा नवी पेटीच घ्यावी. त्यावर थोरलीच्या धाकट्या दिराने, जो चौकात संगणकदुरुस्तीचं दुकान चालवायचा, जळका डबा उपटून फेकला आणि त्याजागी काड्यापेटीहून थोडा मोठा संगणक बसवला. त्यात त्याने इंटरनेटवरून उतरवलेला एक प्रोग्राम घातला. ओपन सोर्स, म्हणजे कुणीही उघडून वाचावा, बदलावा आणि वापरावा असा. मुळात तो परदेशातल्या कुणा चीजवाल्याने आपल्या तळघरात चीज मुरवण्यासाठी लिहिला होता. मग पाववाल्यांनी, रोपवाटिकावाल्यांनी त्यात आपापली भर घातली होती.

"म्हणजे चीजवाला माझ्या कोंबड्या उबवणार," बाबा तेव्हा म्हणाले होते.

पेट्यांना नावं बाबांनीच ठेवली. कंपनीच्या पेटीच्या पडद्यावर कायम साडेसदतीस अंश दिसायचं आणि खालची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ जायची. ती 'शहाणी'. धाकट्याच्या पेटीवरची रेघ करवतीच्या दातांसारखी वरखाली व्हायची, कधी सदतीसच्या जरा वर, कधी थेट अडतिसाला टेकून खाली. ती 'वात्रट'.

थोरलीचा जीव शहाणीवर होता. लग्नाआधी तिने रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम केलं होतं. तिथे शिकलेली एक गोष्ट तिच्या अंगात भिनली होती: बाटलीवर चिठ्ठी नसेल तर आतलं रक्त कितीही लाल असो, ते कचऱ्यात जातं. कुणी जबाबदार नाही अशा वस्तूवर ती विसंबत नसे. नवरा पिल्लं पोचवायला गाडी घेऊन दिवसदिवस बाहेर असायचा, त्यामुळे पेट्यांचं सगळं तिच्याच हाती होतं. बाहेरच्या गिऱ्हाइकांची अंडी शहाणीत मावली नाहीत तर उरलेली ती वात्रटमध्ये लावायची, पण कुरकुरत. आणि ही अंडी काही गिऱ्हाइकाची नव्हती.

"वहिनी, सगळी वात्रटमध्ये लावा," धाकटा दारातूनच म्हणाला.

"का? शहाणीनं कुणाचं घोडं मारलंय?"

"गेल्या दोन्ही खेपांना तिची पिल्लं उशिरा आली. पायात जोर नव्हता."

"ती अंडी बाहेरची होती. कंपनीचा माणूस म्हणाला, अंड्यातच दम नव्हता."

"तो दुसरं काय म्हणणार?"

"आणि तू दुसरं काय म्हणणार?"

धाकटा हसला. "बरं, उद्या शहाणी बिघडली तर आत काय झालं ते कळेल का तुम्हाला? माझ्या पेटीचं सगळं उघडं आहे. कुणीही येऊन बघावं."

"आणि तुझी बिघडली तर मी कुणाला फोन करू? चीजवाल्याला?"

शेवटी तिने एक ट्रे शहाणीत लावला, एक वात्रटमध्ये. हा काही मोठा शहाणपणाचा निर्णय नव्हता. दोन्हींपैकी एकीवरही पुरता विश्वास नसला की माणूस जे करतो, ते तिने केलं.

पुढचे काही दिवस तिचं लक्ष अंड्यांवर कमी आणि दिरावर जास्त होतं. एरवी दुकानातून जेवायलासुद्धा वेळेवर न येणारा माणूस आता दिवसातून कितीदा तरी खोलीत डोकावत होता. स्टुलावर लॅपटॉप ठेवून काहीतरी वाचत बसायचा, आणि तिची चाहूल लागली की झाकण मिटायचा. पहिल्यांदा तिने कानामागे टाकलं. दुसऱ्यांदा मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली.

तिसऱ्या वेळी ती पाणी भरायच्या निमित्ताने मागच्या दाराने आली. झाकण मिटायच्या आत तिने पडदा पाहिला. ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ, आणि प्रत्येक ओळीपुढे लाल ठिपका.

"हे काय आहे?"

"काही नाही. यादी आहे."

"कसली?"

धाकट्याने मान खाजवली. "प्रोग्रामच्या तक्रारींची. जगभरातले लोक लिहितात. इथं हे चुकतं, तिथं ते अडकतं."

"एवढ्या?" तिने बोटाने पान सरकवलं. ते सरकतच राहिलं. "अरे, हा प्रोग्राम आहे का खड्ड्यांचा रस्ता? आणि यात तू बाबांची अंडी ठेवलीस?"

"वहिनी, सगळ्याच प्रोग्राममध्ये चुका असतात. हे लोक लिहून ठेवतात, एवढंच."

"शहाणीच्या किती आहेत?"

"कळणार कसं? कंपनी यादी दाखवतच नाही."

"तू मात्र दाखवणारा, म्हणून झाकण मिटतोस होय?"

धाकट्याचे कान लाल झाले. तो लॅपटॉप काखेत मारून निघून गेला. थोरलीने वात्रटच्या पडद्याकडे पाहिलं. करवतीचा एक दात नेमका तेव्हा अडतिसाला टेकला आणि खाली उतरला. तिला वाटलं, ही पेटी तिच्याकडे बघून जीभ काढून दाखवते आहे.

अंडी बघायचा दिवस आला. खोलीतला दिवा मालवून तिने एकेक अंडं विजेरीच्या तोंडावर धरलं. आत जीव धरला असेल तर कवचातून लाल शिरांचं कोळ्याएवढं जाळं दिसतं. वात्रटमधल्या अंड्यांत जाळी चांगली पसरली होती आणि मधला काळा ठिपका हलत होता. शहाणीतल्या अंड्यांत जाळं होतं, पण लहान. ठिपकाही लहान, आळसावलेला. तिने पुन्हा पाहिलं, ट्रेच्या कडेची, मधली, सगळीकडची अंडी. फरक सगळीकडे तोच होता. एकाच दिवशी लावलेली अंडी, आणि एक ट्रे दुसऱ्याच्या मागे पडला होता.

की दुसरा पुढे धावत होता?

तिच्या मनात उत्तर तयार होतं. शहाणीचा आकडा बरोबर, रेघ सरळ. म्हणजे वात्रट जास्त तापते आहे आणि पिल्लं घाईघाईने वाढवते आहे. घाईने वाढलेली पिल्लं कवच फोडायच्या आधीच दम सोडतात, हे तिला माहीत होतं. आजच्या आज सगळी अंडी शहाणीत हलवायला हवी होती.

तेवढ्यात बाबा आत आले. त्यांनी कुणाला काही न विचारता दोन्ही पेट्यांतलं एकेक अंडं उचललं, डोळे मिटले आणि आळीपाळीने पापणीला लावून पाहिलं. पेट्या येण्यापूर्वी त्यांनी याच पद्धतीने पिढ्यान् पिढ्या कोंबड्या उबवल्या होत्या.

"काय म्हणतेय पापणी?" धाकट्याने दारातून विचारलं.

"दोन्ही बरोबर."

"बाबा, दोन्ही बरोबर कशी असतील? अंड्यांत फरक आहे," थोरली म्हणाली.

"मग अंड्यांना विचार," बाबा म्हणाले आणि अंडी जागच्या जागी ठेवून गेले. पापणीला एका अंशाच्या आतलं कळत नाही, हे मान्य करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"मी सगळी शहाणीत हलवतेय," थोरलीने जाहीर केलं.

"वहिनी, थांबा. आधी मोजा तरी. पडद्यावरचं नाही, आतलं."

हे तिला पटलं. तिच्याकडे असलेला प्रयोगशाळेतला लांब तापमापक अंड्यांच्या मधे मावेना, म्हणून तिने कपाटातून ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर आणला. पाऱ्याचा, घरात जुना, सगळ्यांच्या काखेत जाऊन आलेला. आधी वात्रटमध्ये अंड्यांच्या मधे ठेवला, थोड्या वेळाने काढला. अडतिसाच्या किंचित खाली. वर अडतिसाला टेकणाऱ्या करवतीशी ते जुळत होतं. मग तोच शहाणीत ठेवला आणि काढला.

तेवढाच. पारा काचेत जिथे होता तिथेच.

ती चक्रावली. दोन्ही पेट्या सारख्याच गरम असतील, तर अंड्यांत फरक का? वारा तोच, पाणी तेच, अंडी त्याच कोंबड्यांची. या कोड्यात एकच गोष्ट कुणालाही हाताने हलवता येत होती: ट्रे. ती धाकट्याकडे वळली.

"भाऊजी," ती म्हणाली. एरवी ती त्याला तू म्हणायची. भाऊजी म्हटलं की धाकटा सावध व्हायचा. "तुम्ही ट्रे बदललेत का?"

"काय?"

"चांगली अंडी निवडून तुमच्या पेटीत आणि राहिलेली शहाणीत. मी विचारतेय फक्त."

"बाबांच्या शेवटच्या अंड्यांशी मी खेळ करीन? माझी पेटी मोठी ठरावी म्हणून?"

"दिवसभर इथेच घुटमळता. मला बघून झाकण मिटता."

"लाज वाटायची म्हणून मिटत होतो. यादी लांब आहे म्हणून." त्याने दाराची कडी धरली. "लावा सगळी शहाणीत. तुमची अंडी, तुमची पेटी. मी काही बोलणार नाही." आणि तो गेला.

थोरली पत्र्याच्या टेबलापाशी बसली. खोलीत पंख्यांची घरघर होती. आपण बोलून गेलो ते जास्तच झालं, हे तिला कळत होतं, पण कोडं सुटत नव्हतं आणि अंड्यांना वेळ नव्हता. पहिला ट्रे उचलायला ती उठली. उठता उठता तिची नजर टेबलावरच्या थर्मामीटरवर गेली.

टेबल गार होतं. खिडकीतून वारा येत होता. तरी थर्मामीटरला अजून तेवढाच ताप होता.

मग तिने कपाळावर हात मारून घेतला. ताप मोजायच्या थर्मामीटरचा पारा चढतो, पण आपोआप उतरत नाही; तो झटकून उतरवावा लागतो. म्हणूनच तर काखेतून काढल्यावरही ताप वाचता येतो. हे तिला पोरवयापासून माहीत होतं. पण पेटीत ठेवलेल्या वस्तूला तिने मनोमन प्रयोगशाळेचं उपकरण मानलं होतं, आणि तिथले तापमापक झटकावे लागत नसत. वात्रटचा पारा तिने उचलून जसाच्या तसा शहाणीत नेऊन वाचला होता.

तिने मनगट सैल करून थर्मामीटर जोरात झटकला, शहाणीत ठेवला आणि वाट पाहिली.

सदतीसच्या खाली. पडद्यावर साडेसदतीस, रेघ सरळ.

पुन्हा झटकला. पुन्हा मोजला. तेच. मग वात्रटमध्ये: पुन्हा अडतिसाच्या किंचित खाली, पडद्यावरची करवत जिथवर चढत होती तिथेच.

धाकटा दुकानात एका उघड्या संगणकात तोंड घालून बसला होता. तिने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला.

"झटकायचं राहिलं," ती म्हणाली.

"काय राहिलं?"

"पारा. तू चल आधी."

त्याने कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हा चहा माफीचा आहे का?"

"चहा चहाचा आहे. माफी चालता चालता मागते."

खोलीत आल्यावर तिने शहाणीचं दार सताड उघडलं. कोंबडीसुद्धा दाणे टिपायला अंड्यांवरून उठते. थोड्या वेळात काही बिघडणार नव्हतं. दोघे पडद्याकडे बघत राहिले. गार वारा आत शिरला. ट्रेवर हात ठेवला तर गारवा हाताला कळत होता. पडद्यावर साडेसदतीस. धाकट्याने खोकून घसा साफ केला. साडेसदतीस. मग एकाएकी, मधला एकही आकडा न दाखवता, पडदा एका अंशाहून जास्त खाली कोसळला आणि घंटा वाजायला लागली.

"अगं बाई," थोरली म्हणाली आणि दार लावलं.

धाकट्याने सीलला हात लावला नाही. मागच्या झडपेच्या फटीतून विजेरी मारून पाहिलं. आत तापायच्या दोन तारा होत्या. एक लालभडक, दुसरी काळी ठिक्कर, मधेच तुटलेली. कधीपासून, कोण जाणे. कदाचित गेल्या दोन्ही खेपांपासून.

थोरलीने कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

"मॅडम, ती सोय आहे," तो ऐकून घेऊन म्हणाला. "एका अंशाच्या आत फरक असेल तर पडदा ठरवलेलाच आकडा दाखवतो. नाहीतर जरा आकडा हलला की लोक घाबरून फोन करतात."

"म्हणजे मी घाबरू नये म्हणून तुम्ही मला खोटं सांगता."

"खोटं नाही हो. स्थिर."

"हे पुस्तिकेत कुठे लिहिलंय?"

"ते आतलं असतं, मॅडम. तसं मलाही वरूनच कळलं. पण एका अंशाच्या बाहेर गेलं की घंटा वाजतेच ना?"

"कोंबडीला एक अंश फार होतो. तुम्ही कधी बसलायत का अंड्यांवर?"

तार बदलायला माणूस पुढच्या महिन्यात येईल, असं त्याने सांगितलं. पुढच्या महिन्यात त्या अंड्यांत एक तर पिल्लं नसणार होती, नाहीतर ती दाणे टिपत असणार होती.

फोन ठेवल्यावर धाकट्याने हात चोळले. "झालं तर मग. हलवू या सगळी वात्रटमध्ये."

"थांब," थोरली म्हणाली. "आता तुझ्या पेटीकडे येऊ."

"माझ्या पेटीचं काय? ती तर उघडी आहे. दडवायला जागाच नाही."

"उघडी आहे म्हणजे कुणी बघितलीये असं थोडंच? घराचं दार उघडं ठेवलं म्हणून येणारेजाणारे केर काढून जात नाहीत. खरं सांग, तू वाचलायस का हा प्रोग्राम?"

"वाचलाय."

"सगळा?"

"लागला तेवढा."

"म्हणजे किती?"

धाकट्याने खाली पाहिलं. "जिथं चीजचे आकडे काढून कोंबडीचे घालायचे होते, ते पान."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं इतके लोक वापरतात, वहिनी. कुणीतरी वाचलं असेलच की."

"त्या सगळ्यांनी हेच म्हटलं असेल तर?"

तिला प्रयोगशाळेतली सकाळ आठवली. रोज कामाला लागायच्या आधी यंत्राला एक ठरलेलं रक्त द्यायचे, ज्याचं उत्तर आधीच माहीत असायचं. यंत्राने ते उत्तर दिलं तरच त्या दिवशी त्याच्यावर विश्वास. उद्यासाठी उद्या पुन्हा. तिथे चांगलं यंत्र आणि वाईट यंत्र असं काही नसे. आज तपासलेलं आणि आज न तपासलेलं, एवढंच.

"ही उष्णता मोजणारी वायर," तिने वात्रटमधल्या बारीक काळ्या वायरीवर बोट ठेवलं. "ती सैल झाली तर काय होतं?"

"नाही होणार. मी नीट बसवलीये."

तिने ती ओढून काढली.

पडद्यावरची करवत तुटली आणि अक्षरं आली: वाचन नाही. धाकट्याचा चेहरा उजळला. "बघा! लपवत नाही. शहाणीसारखी तोंड शिवून बसत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि वायर परत खोचली.

पडद्यावर पंच्याऐंशी उमटलं.

आत खट्‌ असा आवाज होऊन तापती तार विझली. पंखा जीव खाऊन फिरायला लागला आणि अंड्यांवर गार वाऱ्याचा झोत सुटला. पडद्यावर लाल अक्षरं आली: फार उष्णता. तार बंद. हाताने सुरू करा. मग आकडा परत साडेसदतिसावर आला, पण लाल अक्षरं गेली नाहीत आणि तार पेटली नाही.

"पंच्याऐंशी?" थोरली म्हणाली. "म्हणजे अंडी उकडली म्हणायची."

धाकट्याने घाईने बटण दाबून तार पुन्हा पेटवली. त्याच्या ओठावर घाम आला होता. लॅपटॉप उघडून तो यादी सरकवत राहिला आणि मग एका जागी थांबला. कुण्या रोपवाटिकेवाल्या बाईने ते आधीच लिहून ठेवलं होतं. वायर सुटून परत लागली, की मोजणारा तुकडा जागा होताना, पहिलं मोजमाप घेण्यापूर्वी, ठरलेला एक आकडा ओकतो: पंच्याऐंशी. प्रोग्राम त्याला खरं मानतो आणि घाबरून सगळं बंद करतो. तिची रोपं गारठून मेली होती. तिने नुसती तक्रार नव्हती केली, दुरुस्तीच्या चार ओळीही जोडल्या होत्या. खाली चीजवाल्याने लिहिलं होतं: ठीक दिसतंय, कुणीतरी आपल्या यंत्रावर तपासून सांगा, मग घालतो.

त्याखाली काहीच नव्हतं. कितीतरी दिवस कुणी काही लिहिलं नव्हतं.

"हे मी वाचलं होतं," धाकटा हळूच म्हणाला. "त्याच दिवशी, तुम्ही मागून आलात तेव्हा. वाटलं, आपली वायर कुठे सैल होणारे."

थोरलीच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. ते तिने गिळलं. तिलाही नुकताच एक थर्मामीटर झटकायचा राहिला होता.

"त्या चार ओळी घालता येतील?"

"आत्ता."

"घाल. मग मी वायर ओढणार आहे."

त्याने ओळी घातल्या. तिने वायर ओढली, खोचली. पंच्याऐंशी आलं नाही. पडदा जरा थबकला आणि खरा आकडा घेऊन आला. तिने परत ओढली, हळू खोचली, अर्धवट खोचून हलवली. धाकटा एकदा म्हणाला, "पुरे आता, तुटेल." ती म्हणाली, "तुटली तर आत्ता तुटू दे, आपण दोघं इथं आहोत तोवर." नाही तुटली. तेव्हा कुठे तिने शहाणीचं दार उघडून तिचा ट्रे बाहेर काढला आणि वात्रटच्या खालच्या खणात सरकवला. कंपनीच्या पेटीचा प्लग तिने स्वतः उपटला. तरी जाता जाता पडद्यावर साडेसदतीसच होतं.

धाकट्याने यादीत लिहिलं: तपासलं, चालतं. चीजवाल्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ते त्याने वहिनीला वाचून दाखवलं: आभार, दुरुस्ती घातली आहे. लोक यावर अंडी उबवतात हे ठाऊक नव्हतं. मी असतो तर एवढा विश्वास टाकला नसता.

"हा माणूस मला आवडला," थोरली म्हणाली.

त्यानंतर रोज सकाळी तिचा एकच नेम झाला. वायर ओढायची, खोचायची, थर्मामीटर झटकायचा, अंड्यांच्या मधे ठेवायचा आणि पडद्याशी ताडून बघायचा. आकडे जुळले तर त्या दिवसापुरता विश्वास. धाकटा आता झाकण मिटत नव्हता. तो प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचत होता आणि मधूनमधून "हे कुणी लिहिलंय, देवा" असं म्हणत होता. एका सकाळी आकडा जुळला नाही. दोघांचे चेहरे उतरले. मग कळलं की धाकट्याने ट्रे फिरवताना थर्मामीटर थेट पंख्यासमोर आला होता. तोही संशय मिटला, पण लगेच नाही.

वात्रटच्या पहिल्या ट्रेतली पिल्लं ठरल्या दिवशी आली. कवच टोकरत, थांबत, पुन्हा टोकरत, ओली आणि रागावलेली. शहाणीतून हलवलेल्या ट्रेमध्ये मात्र काही हालचाल नव्हती. बाबा दारात येऊन बघून गेले आणि म्हणाले, "ती गेली. सोड."

थोरलीने सोडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने एक अंडं कानाला लावलं. आतून अगदी बारीक, टोकरल्यासारखा आवाज येत होता. संध्याकाळपर्यंत त्या ट्रेतल्या काही कवचांना तडे गेले. सगळी नाही आली. बरीच आतच राहिली, आणि ती बाजूला काढताना तिने धाकट्याला तिथे थांबू दिलं नाही. पण जी आली ती पायांवर उभी राहिली, काही लगेच, काही धडपडून.

दिव्याखालच्या खोक्यात पिल्लांचा गलका चालू झाल्यावर बाबा आत आले. वाकून बराच वेळ पाहिलं. सगळी पिल्लं राखाडी-पिवळ्या लवीचे गोळे होती, कुठल्याही कोंबडीची असतात तशी.

"ठिपके कुठायत?" त्यांनी विचारलं.

"बाबा, ठिपके पिसांवर येतात. ही अजून लव आहे," धाकटा म्हणाला.

"मला शिकवतोस? मीच घडवलीयेत ती."

"मग विचारता कशाला?"

"ठिपके दिसेपर्यंत माझा विश्वास नाही," बाबा म्हणाले. "पेट्यांत काय उलटसुलट केलंत कुणास ठाऊक." त्यांनी खोक्यात हात घालून एक पिल्लू उचललं. ते पंजे झाडत ओरडत राहिलं. बाबांनी डोळे मिटले, त्याला पापणीला लावलं आणि तसेच उभे राहिले, जरा जास्तच वेळ.

"काय म्हणतेय पापणी?" थोरलीने विचारलं.

"हे एक बरोबर आहे," बाबा म्हणाले. "बाकीची एकेक करून बघावी लागतील."

आणि त्यांनी पायाने स्टूल ओढून घेतलं.